डोळ्यांनी ऐकणारे मिस्त्री

जगात कानांनी ऐकणारे सगळेच. डोळ्यांनी ऐकणारा माणूस मी एकच पाहिला, आणि त्यानेच मला बुडवलं. आमचे मिस्त्री. चंद्रपुरात आमच्याच मोहल्ल्यातले जुने सुतार, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. मी अहेरीच्या बाजारात सायकलवर जळतण विकत वर आलेला माणूस. दुसऱ्याच्या शब्दावर मीठसुद्धा घेत नाही. पण आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाचा लिलाव असला की मिस्त्री ज्या ओंडक्याला ‘भरीव’ म्हणतील, त्यावर मी डोळे मिटून बोली लावायचो.

ओंडका आतून पोकळ आहे का, हे ठोकून ऐकावं लागतं. ऐकताना बाकीचे डोळे मिटतात. मिस्त्री ते विस्फारत. मी कुऱ्हाडीच्या पाठीने एका तालात ठोकत पुढे सरकायचं आणि त्यांची बुबुळं माझ्या हाताच्या वीतभर पुढे धावायची. माझा ताल चुकला की साऱ्या व्यापाऱ्यांदेखत खेकसत, “बराबर ठोक ना भाऊ! डोळा ठेचकाळला, आवाज गेला ना!” घरीही तीच तऱ्हा. रेडिओ ऐकायचा तो फिरत्या टेबलफॅनकडे बघत, त्याच्याबरोबर मान हलवत. वीज गेली, फॅन थांबला, की सेलवरचा रेडिओ चालू असूनही ओरडत, “बातम्या काऊन बंद केल्या?” त्यांची बायको, आमच्या भाभी, माझ्याकडे बघून कपाळावर हात मारायच्या. “लाईट गया की इनके कान गये. मैं तो झाडू हिलाके बात करती!”

मग एका मोसमात मिस्त्रींचे चार भरीव ओंडके माझ्या आरागिरणीवर एकामागून एक चिरले, आणि चारही आतून बासरीसारखे पोकळ निघाले. मजुरांसमोर मी ओरडलो, “कान सडले तुमचे, मिस्त्री!” ते भुशाकडे बघत उभे राहिले. शब्द खरा करायचा म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. कान ठणठणीत. त्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. तिथे कळलं, काचबिंदू. कडेची नजर केव्हाच गेलेली, उरलेलीही जाणार, गेलेली परत येत नाही. “डोळा सरकतो तिकडे मेंदू कानालाही वळवतो,” डॉक्टर म्हणाले. “यांनी जन्मभर त्याच वाटेनं ऐकलं. आता वाटच बुजली.”

परतताना ऑटोत मी विचारलं, “कधीपासून?”

“दोन पावसाळे झाले.”

“मग सांगतलं काऊन नाई?”

“सांगतलं असतं तं तू मले डेपोत नेलं असतं का?”

तरी मी माफ केलेलं नाही. दोन पावसाळे हा माणूस माझ्या लाकडावर अंदाज मारत होता!

आता मी एकटाच ठोकतो. डोळे मिटून पाहिलं, विस्फारून पाहिलं. सगळे ओंडके एकच बोलतात. मागच्या महिन्यात नेहमीसारखा भांडायला त्यांच्या घरी गेलो. आता पुरते आंधळे झालेले मिस्त्री दारात बसले होते. चाहूल लागताच म्हणाले, “भाऊ, ठोक ना काही. लई दिवस झाले.”

जवळ त्यांनीच तरुणपणी केलेली दाराची सागवानी चौकट होती. त्यांचीच जुनी हातोडी मी उचलली, त्यांचा हात माझ्या मनगटावर ठेवला, हातोडी कुठे चाललीय ते कळावं म्हणून, आणि तालात ठोकत वर सरकलो. ती विझलेली बुबुळं हाताच्या वीतभर पुढे निघाली. चौकट वाळवीने आतून साफ खाल्लेली. मलासुद्धा ऐकू आलं.

“भरीव,” मिस्त्री म्हणाले. “माह्या हातची हाय.”

मी, शब्दाशब्दावर घासाघीस करणारा माणूस, म्हणालो, “भरीव आहे, मिस्त्री.” आणि ठोकत राहिलो. जरा हळू, चौकट पडू नये म्हणून.