जिभाऊंच्या कॉम्प्युटरमधला माझा आकडा

मागच्या वर्षी याच दिवशी मी इथे चुकीचं लिहिलं.

नेट केबलवाल्या सलीमभाईंमुळे बंद नव्हतं. माझ्यामुळे बंद होतं.

ती पोस्ट तुम्ही पुष्कळांनी शेअर केली होती. म्हणून हीसुद्धा शेवटपर्यंत वाचा.

जिभाऊ म्हणजे माझे मोठे काका. शाळेच्या आधी मला त्यांनीच शिकवलं, कळसाडीच्या घरात. मुळाक्षरं खताच्या गोणीवर, एबीसीडी त्या जुन्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर.

नेट गेलं की ते उसातल्या ठिबकमधल्यासारखा बिघाड शोधायचे.

"पानी कोठलगून उनं, ते पहिले देख. लोकेस्ले मांगून बोल." म्हणजे पाणी कुठपर्यंत आलं ते आधी बघायचं, लोकांना मग बोल लावायचे.

बाहेरची लाइन म्हणजे विहीर. राउटर म्हणजे व्हॉल्व. कॉम्प्युटर म्हणजे "शेवटला ड्रिपर".

मागच्या वर्षी ते अंथरुणावर होते. त्यांच्या मुलीला, पुण्याच्या मीनाताईला, नुकतीच मुलगी झाली होती. मोबाइलवरचं त्यांना दिसत नव्हतं. नात मोठ्या स्क्रीनवर बघायची होती.

आणि सलीमभाईंनी राउटर बदलला त्याच दिवशी कॉम्प्युटरचं नेट गेलं.

ते दोनदा शहाद्याहून येऊन गेले.
"ताई, राउटरलगून नेट बराबर शे. कॉम्प्युटरमा काहीतरी शे."

मी म्हणाले, "सगळे असंच म्हणतात."

जिभाऊ नात न बघता गेले. आणि मी सलीमभाईंचं नाव घालून लिहिलं, 'केबलवाल्याचा आळस.' आमच्या गल्लीतल्या तीन घरांनी त्यांचं कनेक्शन काढलं.

काल मी जिभाऊंच्या वर्षश्राद्धासाठी आले आणि तो कॉम्प्युटर सुरू केला.

काकूच्या मोबाइलवर वायफाय चालू. म्हणजे व्हॉल्वपर्यंत पाणी आहे!
केबल काढून परत लावली. दिवा लुकलुकला. नळी ठीक!
कॉम्प्युटरवरून राउटरला पिंग केलं, म्हणजे हाक मारून बघितली. उत्तर नाही.

म्हणजे शेवटला ड्रिपर!!

नेटवर्कची सेटिंग उघडली. आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला पत्ता, हाताने टाकलेला. शेवटी ७७.

७७ माझा. 'स्पीड वाढतो' असा व्हिडिओ बघून मीच टाकला होता. जुन्या राउटरला तो चालायचा. नव्या राउटरचे आकडेच वेगळे. आणि मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण मी विसरूनच गेले होते.

'ऑटोमॅटिक'वर क्लिक केलं.

चालू!

मी इतक्या जोरात ओरडले की काकू पिठाच्या हातांनी धावत आली.
"चालू व्हई गयं ना? मंग रडस काब्र?"

लगेच मीनाताईला व्हिडिओ कॉल. अख्ख्या स्क्रीनभर ती पोरगी! चार दात! दुडुदुडु चालत थेट कॅमेऱ्यावर आपटली. काकू स्क्रीनला पीठ लावत म्हणाली, "नाक ते यास्नंच शे, देख!"

जिभाऊ, शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी आलं. एक वर्ष उशिरा.

सलीमभाई, तुमचं बरोबर होतं. जुनी पोस्ट मी काढलेली नाही, तिच्यावर दुरुस्ती लिहिली आहे. पण तुमची माफी मोबाइलवर मागणार नाही. तुमच्या दुकानाचं शटर सोमवारी उघडेल तेव्हा मी समोर उभी असेन. तिथून परत येऊन त्या तीन घरी जाईन.

जिभाऊ, श्रद्धांजली मागच्या वर्षी लिहिली होती, त्याच चुकीच्या पोस्टखाली.

खरी वाहीन परवा, सोमवारी.