हलिमाचाचीचं परस

दिवाळी सरली की हलिमाचाची परसात उभी राहून जमिनीला शिव्या घालायला लागायची. "मेली, पावसाभर लोळलीस, आता ऊठ!" काठीनं मातीवर रेघा ओढत ती एकटीच बोलायची, "हितं माठ. हितं मुळा. वांगी उन्हात, कोथमीर माडाच्या सावलीला." थंडीतली भाजी कुठे नि कशी लावायची, हे ती असं भांडतभांडतच ठरवायची.

मी लांज्याची. अठ्ठ्याण्णव साली लग्न होऊन खाडीकाठच्या या गावात आले. आमच्या आणि तिच्या घरामध्ये चिऱ्याचा कमरेएवढा गडगा. मी नवीनच असताना एकदा भांड्यांचं पाणी रस्त्यावर फेकलं, तर पलीकडून आवाज आला, "अगो लांज्याची, पाणी काय बापाशीनं आंदण दिलान? माज्या मिरच्यांकडं सोड!" मी आत जाऊन रडले. संध्याकाळी तिनं गडग्यावरून लाल माठाची जुडी पुढे केली, तीही खेकसतच. "खा. रडून पोट भरत नाय."

तिचा नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही. मुलगा रफिक तेव्हा मांडीवर होता, मुलगी थोडी मोठी. परसातली भाजी बाजारात नेऊन तिनं दोघांना वाढवलं, रफिकला कुवेतला धाडलं. कुणी हळहळलं की ती म्हणायची, "दया येते तर शेणाची पाटी उचल."

एका पावसाळ्यात ती लेकीच्या बाळंतपणाला मुंबईला गेली. कार्तिकात परतली ती पदरात बियाण्यांच्या पुरचुंड्या बांधूनच. रफिक रजेवर आला होता. त्यानं मागचं दार उघडून कौतुकानं दाखवलं. सगळ्या परसावर सिमेंट आणि वर गुळगुळीत लाद्या. काम झालं तेव्हा मी माहेरी होते.

"मा, आता चिखलात राबायचं नाय. लोक म्हणतात, पोरगा कुवेतला नि आई शेण कालवते."

"लोकांनी तुला जेवू घातलानी काय रे?" तिचा आवाज आमच्या माजघरापर्यंत आला. "माज्या परसात मला इचारलंस? मी काय मेली काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहार घेतली. शेजारीपाजारी बघायला जमले. कुणी हसलंदेखील. सासूबाई म्हणाल्या, "त्यांच्या घरचं आहे, तू पडू नकोस." माझं डोकं असं तापलं होतं की मी घमेलं घेऊन गडगा ओलांडला. रफिकनं तिच्या हातातली पहार धरली.

"मा, शोभा करू नको!"

"सोड. शोभा तू केलीस."

त्यानं सोडली. आम्ही दोघींनी कोपऱ्यातल्या लाद्या उखडल्या, सिमेंट फोडलं. खाली नुसती खडी आणि चिऱ्याचा भुगा. चाची खाली बसली, हातानं उकरत राहिली.

"माती कुठाय?"

रफिकनं उखडलेली लादी पायानं बाजूला सारली.

"रफिक, माती कुठाय माजी?"

"खणून नेली. रस्त्याकडेच्या खड्ड्यात भरली."

वर्षानुवर्षं शेण, राख, पालापाचोळा घालून केलेली माती. चाचीनं पहार तिथेच टाकली. तो परत कुवेतला जाईपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही.

त्या हिवाळ्यापासून ती काठी घेऊन आमच्या परसात यायला लागली. वाफे मी खणायचे, शिव्या ती घालायची. "सरळ ओढ गो, साप काढतंस काय?" सासूबाई आधी कुरकुरल्या, मग ताज्या मुळ्याची भाजी खाऊन गप्प झाल्या. रफिकचा फोन आमच्याकडे यायचा. मी हाक मारली की ती वाफ्यातूनच ओरडायची, "सांग त्याला, काम हाय."

दोन हजार सहाच्या पावसाळ्यात ती गेली. झोपेतच. रफिक दुसऱ्या दिवशी पोचला, तोवर दफन झालं होतं. चार दिवसांनी तो गडग्याजवळ येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले.

"वैनी, त्या लाद्या काढून टाकू म्हणतो. चांगली माती आणून भरतो."

"आता कुणासाठी?" मी म्हटलं.

तो मान खाली घालून गेला. सासूबाई म्हणाल्या, आई गेलेल्या माणसाला असं बोलू नये. मला ठाऊक होतं. तरी बोलले.