न भरलेल्या मेणबत्त्या

सेकिला बाजाराच्या मेणबत्त्या वाचायला तिच्या नवऱ्यानेच शिकवलं, आणि तेही स्वतःची सोय म्हणून. निंग्योचो पेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचं पुरणाचं दुकान होतं. तांबडा अझुकीचा दाणा शिजवायचा, चाळणीवर घासून सालं काढायची, साखर घालून घोटायचं आणि तयार पुरण मिठाईवाल्यांना पोचवायचं. लढाईतली साखरेविना गेलेली वर्षं सोडली तर लग्न झाल्यापासून हेच. दुकान सेकिच्या वडिलांचं, तोकुजिरो घरजावई. घोटायचं काम तिचं, पोचवायचं त्याचं. गल्लीतून बाहेर पडून वळलं की काकिगाराचो पेठ, आणि तिथे धान्याचा वायदेबाजार. डबे पोचवता पोचवता तोकुजिरो एक दिवस आत शिरला, आणि मग रोजच शिरायला लागला.

"आयुष्यभर हा दाणा हातात खेळवलाय मी," तो म्हणे. "मला नाही कळणार तर कोणाला कळणार?"

पातेल्यात शिजणारा दाणा वेगळा आणि कागदावर विकला जाणारा दाणा वेगळा, हे त्याला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

बाजारात लाकडी ठोकळे वाजले की भाव ठरायचा, आणि थोड्या वेळाने तो रेडिओवर यायचा. त्या वेळी तोकुजिरो डबे घेऊन बाहेर, म्हणून भाव टिपून ठेवायचं काम सेकिकडे आलं. ती साखरेच्या पिशवीच्या कागदावर आकडे लिहायची, तेही एका हाताने पुरण ढवळत. एकदा त्याचा पाय मुरगळला तेव्हा त्याने त्या भावांचं चित्र काढायचं कामही तेवढ्यापुरतं तिच्याच गळ्यात घातलं.

"चार भाव लक्षात ठेव," माडीवर पाय लांब करून तो म्हणाला. "दिवसाचा पहिला, शेवटचा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत चौकट काढायची. भाव चढला तर चौकट कोरी ठेवायची, उतरला तर शाईने भरायची. चौकटीच्या वरखाली जे उरतं ती वात. झाली मेणबत्ती."

"आणि चढला काय, उतरला काय, चौकट तीच?"

"चौकट तीच. फरक फक्त शाईचा."

मग त्याने तिला मेणबत्त्यांची नावं सांगितली. लागोपाठ तीन काळ्या आल्या की ते तीन कावळे. लांब वात खाली लोंबत असली की तो गळफास. सगळ्यांपासून तुटून एकटीच पडली तर ते टाकून दिलेलं पोर.

"अहो, तुमच्या धंद्यात एकही धड नाव नाही का?"

"आहे की. पहाटेचा तारा."

"तो कधी दिसतो?"

"सगळं पार बुडाल्यावर," तो म्हणाला, आणि दोघं हसली. सेकिला ती दुपार आवडली होती. नवरा-बायको म्हणून एवढं बोलणं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

विद्या आली, पण तिने ती बाजारासाठी कधी वापरली नाही. ती मेणबत्तीवरून नवऱ्याचा नूर ओळखायची. कोरी असली की स्वारी रात्री भाजलेला मासा मागणार, तिच्या वडिलांच्या फोटोपुढे उदबत्ती लावणार. काळी असली की मुळ्याच्या लोणच्यालासुद्धा हात लावणार नाही, आणि मुकाट्याने भाताकडे बघत बसणार. कागदाची लांब गुंडाळी माडीच्या भिंतीवर टांगलेली असायची, आणि तिचा शेवटचा वीतभर भाग तेवढा उघडा असायचा. धुतलेली फडकी घेऊन जिना चढता-उतरता सेकि तिकडे एक नजर टाकायची आणि फक्त रंग बघायची. पहाटे तीनपासून चुलीपाशी उभ्या राहिलेल्या बाईला त्याहून जास्त बघायचं त्राण नसतं.

वसंतात तोकुजिरोने कागदावरचा दाणा घेऊन फार मोठी उडी मारली. दाणा पिकतो त्या होक्काइदोत यंदा थंडी पीक खाणार, दाणा महागणार, असं त्याच्या मेणबत्त्या सांगत होत्या म्हणे. दलालाने तारण म्हणून दुकानाची कागदपत्रं मागितली. "नुसती रीत असते ती," तोकुजिरो म्हणाला. दुकान तिच्या नावावर, म्हणून सहीचा शिक्का तिचा लागला. सेकिने हात पुसले, शिक्का मारला आणि परत चाळणीकडे वळली. पातेलं चुलीवर होतं.

पावसाळा लागला तसं एक दिवस त्याने रेडिओ उचलून माडीवर नेला. "तुला आधीच किती काम. डबे लवकर पोचवून भावही मीच टिपत जाईन, चित्र तर मी काढतोच." सेकिला बरं वाटलं. इतक्या वर्षांत ज्याने बायकोच्या हातातली पळीसुद्धा कधी घेतली नाही, त्याला एकाएकी दया कुठून आली, हे विचारायला डोकं ताजं लागतं. माडीवर मेणबत्त्या कोऱ्या दिसत होत्या, नवरा गप्प असला तरी जेवत होता, तिला तेवढं पुरेसं होतं.

वसंतात भरलेला दाण्यांचा साठा शरदापर्यंत पुरायचा. तो संपत आला तेव्हा एका रविवारी दुपारी घाऊक व्यापारी हिरासावा स्वतःच आला.

"मालकीणबाई, यंदा दोन पोती जास्तच घ्या. भाव पार बसलाय. होक्काइदोत दृष्ट लागावी असं पीक आलंय."

"बसलाय? कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? पावसाळा लागल्यापासून घसरतोय. तुम्ही बाजाराच्या दारात राहता आणि मला विचारता होय?"

सेकिने चहा दिला, दोन पोती सांगितली, त्याला दारापर्यंत पोचवलं. तोकुजिरो सार्वजनिक न्हाणीघरात गेला होता. ती माडीवर गेली, भिंतीवरची गुंडाळी काढली आणि चटईवर पसरत नेली.

डोळ्यांपुढची एकेक मेणबत्ती कोरी होती, आणि प्रत्येक कोरी मागच्या कोरीपेक्षा खाली होती. तळघराच्या पायऱ्या उतरत जाव्यात तशा त्या उतरत गेल्या होत्या. भाव त्याने खरेच काढले होते. खाली बारीक पेन्सिलीने लिहिलेले आकडेही खरे होते. पहिला जास्त, शेवटचा कमी, रोजच. शाई तेवढी भरली नव्हती. जाता-येता रंगच बघणाऱ्या बायकोला फसवायला त्याहून जास्त काही करावं लागत नाही.

तिने दगडी दौत घेतली, त्याचा ब्रश घेतला आणि उजवीकडून, म्हणजे ताज्या दिवसापासून मागे, एकेक चौकट भरायला सुरुवात केली.

तोकुजिरो गळ्यात ओला टॉवेल घालून वर आला आणि दारातच थबकला.

"अहो, घरात शाई संपली होती का?" सेकिने मान वर न करता विचारलं.

तो हळूच खाली बसला. बराच वेळ त्याने टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"खोटा भाव काढायला हात होईना," तो म्हणाला. "भरायला घेतलं की वाटायचं, उद्या भरू. उद्या चढला तर आजचं काळं कोणाच्या लक्षात राहतंय."

"मला फसवलंत तुम्ही."

"हो."

सेकिला फार राग आला. मूग गिळून बसलेला हा माणूस रोज तिच्या हातचा भात खात होता. पण हात थांबला नाही. भरता भरता ती पितरांच्या ओबोन सणाच्याही मागच्या दिवसांपर्यंत गेली, आणि तिथे तिला एक काळी चौकट सापडली, नीट, काठोकाठ भरलेली. तिला हायसं वाटलं. म्हणजे खोटेपणा या काळीच्या पुढचाच. घाव मोठा होता, पण अजून गळ्याशी आलेलं नव्हतं.

"उद्या सकाळच्या पहिल्या बोलीला सगळं विकून टाका," ती म्हणाली. "जे जाईल ते जाऊ दे. बाबांचं दुकान तरी राहील. ऐकताय ना?"

तोकुजिरोने बोट पुढे केलं आणि त्या काळ्या चौकटीच्या मागे, डावीकडे ठेवलं. "ह्या पण भर. ह्या पण काळ्याच आहेत."

"मग ही मधलीच एक कशी भरलीत?"

"चुकून भरली. पिऊन आलो होतो त्या दिवशी." त्याने बोट त्या काळ्या चौकटीवर नेलं. "दुकान त्याच दिवशी गेलं, सेकि. दलालाने सगळं काढून घेतलं. ज्याने दुकान घेतलं तो नवीन वर्षापर्यंत राहू देतोय."

खाली गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सेकि त्या काळ्या चौकटीकडे बघत राहिली. मग तिच्या उजवीकडे, आता तिनेच भरलेल्या चौकटींकडे.

"त्या दिवसानंतर एक दाणाही तुमचा नव्हता," ती म्हणाली. "मग या सगळ्या काढत कशाला बसलात?"

"तू जाता-येता बघायचीस ना."

सेकिने ब्रश खाली ठेवला. रडू यायला हवं होतं. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढे यायला हवा होता. आला तो एवढाच विचार, की नवीन वर्षानंतर पहाटे तीनला ते तांब्याचं पातेलं उचलायचं नाही. त्या विचाराने तिचे खांदे सैल पडले. बरं वाटलं तिला, आणि आपल्याला बरं वाटतंय याची भयंकर लाजही वाटली. ती तशीच, कागदाशेजारी, चटईवर आडवी झाली.

तोकुजिरो म्हणाला, "उद्याचे दाणे भिजत घातलेत तू."

"मग पहाटे तुम्ही उठा," सेकि म्हणाली आणि तिने डोळे मिटले.