पॅकिंगवाल्या मावशींचं कुलूप

बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरायला यंत्र आलं आणि पॅकिंगवाल्या मावशींना घरी बसावं लागलं. त्यांनी त्या यंत्राला मनसोक्त शिव्या घातल्या, वर्षभर घरात आदळआपट केली. मग गावातल्या कॉलेजने त्याच कारखान्याशी करार करून यंत्रदुरुस्तीचा वर्ग काढला. पास होईल त्याला कारखान्यात नोकरी. मावशींनी नाव घातलं. सुनेने या वयात दप्तर कसलं म्हणून चेष्टा केली, पण डबा रोज तीच भरून देई.

वर्गात मावशींचं डोकं झकास चाललं. घात केला हातांनी. अर्धं आयुष्य वाकडा पुडा दिसला की सरळ करायचा, हीच त्यांची सवय. कारखान्यातल्या परीक्षेत पुडा अडकला आणि मावशींनी चालत्या यंत्राची जाळी उघडून हात आत घातला. जाळी उघडताच यंत्र आपोआप थांबलं, म्हणून बोटं वाचली. परीक्षा मात्र गेली. मावशी घरी येऊन ढसाढसा रडल्या.

वर्गाच्या मास्तरांनी रदबदली करून आणखी एक संधी मिळवली. नियम साधाच होता: मुख्य स्विच बंद, त्यावर स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, मगच हात आत. मावशी घरचा पंखा पुसायचा तरी मेन स्विचला कुलूप ठोकू लागल्या. सगळं घर त्यांच्या नावाने बोटं मोडायला लागलं.

दुसऱ्या परीक्षेत मावशींनी कुलूप लावून हात आत घातला, इतक्यात सुपरवायझर तरातरा आले. मावशींना घरी बसवणारे हेच. माल खोळंबलाय, आधी किल्ली द्या, निकाल माझ्या हातात आहे, असं त्यांनी सुनावलं. तिसऱ्यांदा कोण बोलावणार होतं?

"साहेब, माझा हात आत आहे," त्या म्हणाल्या. "किल्ली मिळणार नाही."

सावकाश पुडा काढून, हात बाहेर घेऊन त्यांनी कुलूप उघडलं. यंत्र धडधडत सुरू झालं. सुपरवायझरांच्या कपाळावरची आठी गेली नाही, पण नियम त्यांच्याच कारखान्याचा होता. सोमवारपासून या म्हणाले.

घरी सून दारातच घामाघूम बसली होती. सकाळी सराव म्हणून मावशींनी पंखा पुसला होता, आणि घरच्या मेन स्विचच्या कुलपाची किल्ली अजून त्यांच्याच खिशात होती. मावशी ओशाळल्या.

"आई, नोकरीचं काय झालं?" सुनेने विचारलं. किल्ली तिने नंतर मागितली.