मी बाबांच्या उजवीकडे बसलो

मला प्रार्थना छान करता येते, असा माझा लौकिक होता. लौकिक म्हणजे सहा-सात जणांत. आमची सहभागिता, म्हणजे प्रार्थनेला जमणारा गट, तेवढीच होती. शहापूरहून मुरबाडकडे निघालं की डाव्या हाताला विद्यापीठाचं एक छोटं आवार आहे, तिथे दर गुरुवारी तास संपल्यावर आम्ही ख्रिस्ती विद्यार्थी जमायचो. जागा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून असलेली खोली. कपाटात बरण्या, बरण्यांत बेडूक, साप आणि एक कसलंसं पिल्लू, ज्याच्याकडे पाहून गाणं म्हणायला पहिले काही गुरुवार फार जड गेले. पुढे सवय झाली. वर्षाअखेरीस तर तेही सभासद वाटायला लागले.

आमची प्रमुख होती एमएस्सीची ताई. नगरकडची, आजोबांपासून घरात उपासना. तिला प्रत्येक गोष्टीची पद्धत ठाऊक होती आणि ती मोडणारा कोण, हेही. मी वाशिंदचा. वडील कारखान्यात, रविवारी सगळे कल्याणच्या चर्चला. तिथल्या कारभारी मंडळातले एक वडीलधारे पंच अशी काही प्रार्थना करायचे की मागच्या बाकावरची मुलं झोपून उठायची तरी आमेन आलेला नसायचा. त्यांची ती प्रार्थना ऐकून ऐकून मला पाठ झाली होती. ‘हे परमदयाळू, सर्वसमर्थ, स्वर्गीय पित्या’पासून सुरू व्हायची आणि प्रवासात असलेले, आजारात असलेले, सत्तेवर असलेले आणि सत्तेवरून गेलेले, असे सगळे घेत घेत परत घरी यायची. मी ती जशीच्या तशी उचलली होती. कॉलेजात कल्याणचं कोणी नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की हे माझ्या अंतःकरणातून येतंय.

आमची शेवटची प्रार्थना गोलात व्हायची. सगळ्यांनी हात धरायचे, डोळे मिटायचे. एकाने मोठ्याने प्रार्थना करायची आणि झाली की डावीकडच्याचा हात हलकेच दाबायचा, म्हणजे आता त्याची पाळी. ज्याला बोलायचं नसेल त्याने नुसता पुढचा हात दाबायचा. कोणी का बोलला नाही, असं विचारायचं नाही. ही ताईची पद्धत, आणि चांगली पद्धत होती.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी नेहमी नुसता हात दाबायची. भातसानगरच्या वसाहतीतून यायची. वडील धरणावर कामाला. आई मुरबाडकडच्या गावातली, त्यामुळे मुलीची बोली आईची. वर्गात ती शुद्ध बोलायला जायची आणि दोन वाक्यांत थकून गप्प व्हायची. सहभागितेत तर तिचा आवाज मी गाण्यातच ऐकलेला.

डिसेंबरात बायबल अभ्यास माझ्याकडे आला. धडा होता म्हाताऱ्या याजकाचा. तो मंदिरात धूप जाळायला जातो, देवदूत भेटतो, म्हातारपणी मुलगा होईल म्हणतो, याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचा बंद होते. आमच्याकडे प्रत्येकाने दोन-दोन वचनं वाचायची आणि मग आपल्याला काय मिळालं ते सांगायचं. ताईला शांततेचं महत्त्व मिळालं. गिटारवाल्याला, तो नंदुरबारकडचा, नेहमीप्रमाणे काहीच मिळालं नाही आणि त्याने तसं सांगितलं. मग मी समारोप केला. मी म्हटलं की बाकी काही असो, त्याच्या बायकोला ते नऊ महिने किती सुखाचे गेले असतील, घरात नवरा आणि बोलणं बंद, याहून मोठा आशीर्वाद कोणता. सगळे हसले. ताईसुद्धा, जरा उशिरा.

खोलीला कुलूप लावून मी बाहेर आलो तर ती मुलगी जिन्यात उभी.

“सुखाची नसते ती शांतता,” ती म्हणाली. “आमच्या घरात हाय ना, म्हणून सांगते.”

मग तिने जे सांगितलं ते सगळं तिथेच, जिन्यात, मान वर न करता सांगितलं. दिवाळीच्या आधी बाबांना झटका आला होता. जीव वाचला, वाचा गेली. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर प्रार्थना व्हायची आणि ती फक्त बाबा करायचे. आई गाणं धरायची, ही बायबल वाचायची, पण प्रार्थना बाबांची. आता दिवा लागतो, गाणं होतं, ही वाचते, आणि मग तिघंही बसून राहतात. बाबा तोंड उघडतात, नुसता आवाज येतो, शब्द येत नाहीत, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आठवडाभरात आईने गाणंही बंद केलं. कशाला त्यांना त्रास, म्हणाली. आता संध्याकाळी टीव्ही लावतात.

या जागी कोणीही सभ्य माणूस क्षमा मागतो. मी विचारलं, टीव्हीवर काय बघता. तोंडातून काहीतरी बाहेर पडायला हवं होतं, ते पडलं.

तिने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. “मला मोठ्यानं करायला शिकव,” ती म्हणाली. “तू लय बोलतोस. नाताळाच्या आधी मला यायला पायजे. नायतर आमच्याकडे यंदा नाताळ नुसताच.”

आता, शिकव म्हटल्यावर मी शिकवायला एका पायावर तयार. चूक भरून काढायची होती आणि वर गुरू व्हायला मिळत होतं. कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर मी तिला माझी, म्हणजे पंचांची, प्रार्थना शिकवली. मधले सत्ताधारी काढून टाकले, आजारी ठेवले. ‘कृपासनासमोर’ तिच्या तोंडी बसेना, तर मी तो शब्द चारपाच वेळा घोटून घेतला. ती म्हणाली की आपण घरात असं बोलत नाय. मी म्हटलं, देवाशी घरातल्यासारखं बोलायचं नसतं, थोडा मान ठेवायचा असतो. हे मी कुठून आणलं, देव जाणे. त्यालाही बहुतेक नवीनच असावं.

पाठ झाल्यावर ठरलं की गुरुवारी गोलात ती पहिल्यांदा बोलणार. तिला धीर म्हणून मी तिच्या उजवीकडे बसणार. म्हणजे आधी मी, मग ती. मी दोन वाक्यं बोलून हात दाबायचा, एवढंच माझं काम.

गुरुवारी गोल फिरत माझ्यापर्यंत आला. मी सुरुवात केली, ‘हे परमदयाळू’. आता गंमत अशी की ती प्रार्थना माझ्याकडे दोन वाक्यांत मिळतच नव्हती. विहिरीतून बादली ओढताना दोर जसा हातात येत राहतो, तसं एकातून दुसरं बाहेर यायला लागलं. सर्वसमर्थ आला, कृपासन आलं, लीन दीन आलो, प्रवासी आले. आजाऱ्यांपाशी माझ्या लक्षात आलं की हा तिचा भाग. पण तोवर मी रंगात आलो होतो, आणि थांबलो असतो तर विसरलो असतो. मी आमेनपर्यंत गेलो. मग मोठ्या विश्वासाने तिचा हात दाबला.

काही झालं नाही. मग तिच्या डावीकडे बसलेली ताई बोलायला लागली, म्हणजे तिने हात पुढे दाबला होता.

बाहेर आल्यावर ती गेटपर्यंत माझ्याबरोबर चालली, ते मला सांगण्यापुरतं.

“ते माझं होतं ना?”

मी म्हटलं, माझंच होतं, तुला दिलं होतं, आणि तसंही देवाने तेच दोनदा ऐकलं असतं तर त्याला चाललं असतं.

“देवाला चाललं असतं रे,” ती म्हणाली. “मला नाय चाललं.” आणि बस आली तशी चढली.

नंतरचे काही दिवस ती मला ‘पाळकसाहेब’, म्हणजे पाद्रीसाहेब, म्हणायची. कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर. पाळकसाहेब, चहा घेणार का, का आधी लीन दीन होणार. गिटारवाल्याला हे इतकं आवडलं की अजून तो मला फोनवर त्याच नावाने हाक मारतो. मी पुन्हा शिकवतो म्हटलं, तर ती नको म्हणाली. घरी प्रयत्न केला का, असं ताईने तिला एकदा विचारलं. केला, म्हणाली. तोंड उघडलं आणि बाबांनी आशेने पाहिलं, तशी पाणी आणायच्या निमित्ताने उठून आत गेली.

नाताळाच्या आदल्या रविवारी आमची सहभागिता गाणी घेऊन घरोघरी जायची. घरं म्हणजे चार. त्यात त्या वर्षी ताईने भातसानगर घातलं. दुपारची वेळ होती. वसाहतीतलं बैठं घर, दाराला कागदाची चांदणी, पण आत दिवा जोडलेला नव्हता. बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, मांडीवर शाल. धिप्पाड माणूस. धरणाचे दरवाजे हाच उघडत असणार, हे सांगावं लागत नव्हतं.

आम्ही गाणी म्हटली. आईंनी करंज्या आणल्या. मग ताई म्हणाली की गोलात प्रार्थना करू, आणि मी पुढे झालो. बाबांना पद्धत सांगायला हवी ना. मी त्यांच्यापुढे वाकलो आणि मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगायला लागलो. हात धरायचा. डोळे मिटायचे. मी हात दाबला की तुमची पाळी. मनात बोला. मग तुम्ही पुढचा हात दाबा.

“ऐकू येतं त्यांना,” आई म्हणाल्या. “बोलणं गेलंय, कान नाय गेलं.”

बाबांनी मान हलवली. तोंडाच्या एका कोपऱ्यातून ते हसले, असं मला वाटलं. खुर्च्या मांडल्या गेल्या. बाबांच्या डावीकडे मुलगी बसली. उजवीकडची खुर्ची रिकामीच राहिली. तिथे कोणी का बसत नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता. आई मला काहीतरी सांगायला पुढे आल्याही होत्या, पण मी बोलत होतो. मी बसलो, शालीखालून बाबांचा हात काढून माझ्या हातात घेतला आणि डोळे मिटले.

ताईने सुरुवात केली, गोल फिरला, माझ्यापर्यंत आला. मी शहाणा झालो होतो. ‘हे परमदयाळू’ला हातच लावला नाही. या घराला आशीर्वाद दे, आमेन, एवढंच म्हटलं आणि बाबांचा हात दाबला.

शांतता. साहजिक होतं, ते मनात करत असणार. मी वाट पाहिली. आत कुकरची शिट्टी झाली. बाहेर कोणाची तरी मोटरसायकल आली आणि गेली. केवढी ही भक्ती, मी मनात म्हटलं, आम्ही दोन वाक्यांत उरकतो आणि हा माणूस बघा. गिटारवाला खोकला. मी पुन्हा एकदा जरा जोरात दाबला, आठवण म्हणून. तरी काही नाही. तेव्हा मी एक डोळा किलकिला केला.

बाबांचे दोन्ही डोळे उघडे होते. ते माझ्या हातातल्या आपल्या हाताकडे बघत होते. शेजाऱ्याचं पार्सल चुकून आपल्या घरी आलं की आपण जसं बघतो, तसं. तेव्हा कुठे मला तो हात जाणवला. किती जड होता, किती गार, आणि एकही बोट माझ्या बोटांना लागून वळलेलं नव्हतं. झटक्याने वाचेबरोबर उजवी बाजूही नेली होती. मी मघापासून अशा हाताला निरोप देत होतो ज्याला तो कळणारच नव्हता. बाबा निरोपाची वाट बघत बसले होते आणि पलीकडे त्यांची मुलगी बाबांची वाट बघत होती. सगळं घर माझ्यामुळे अडलं होतं.

काय करावं ते मला सुचेना. हात सोडू, उठू, दुसऱ्या बाजूला जाऊ, की मोठ्याने सांगू. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून मुलीकडे पाहिलं. डाव्या हाताने त्यांनी तिचा हात दाबला नाही. दाबू शकले असते. नुसते बघत राहिले.

आणि ती बोलायला लागली. कोणी पाळी दिलेली नसताना.

“देवा, आमी सगली बसलोय,” ती म्हणाली. “बाबा हाय, आई हाय. बाबांना बोलता येत नाय, तर मी बोलते. मला तसं मोठं मोठं नाय येत. बाबा तुला रोज काय सांगायचे ते तुला म्हाईत हाय, तेच धर. दरवाज्यांवर जे कामाला असतील त्यांना सांभाळ. आईचं गुडघं दुखतंय. हे सगले लांबनं आलेत, करंज्या खाल्ल्यात, जेवून जाऊ देत. आमेन.”

आमेन बाबांनीही म्हटला. म्हणजे आवाज काढला, शब्द नव्हता, पण कुठे काढायचा हे बरोबर ठाऊक होतं. आईंनी पदराने डोळे पुसले आणि भात लावायला आत गेल्या, कारण जेवणाचं आता देवासमोर ठरलं होतं.

मी बाबांचा हात शालीखाली ठेवला. मुलगी माझ्याकडे बघत होती.

“तू तिथं का बसलास?”

मी म्हटलं, जागा रिकामी होती.

“रिकामीच ठेवतो आमी ती,” ती म्हणाली, पण पाळकसाहेब म्हणाली नाही.

परत येताना ताईने बसमध्ये सगळ्यांची तिकिटं काढली. मग म्हणाली की पुढच्या वेळी तुला कुठे बसवायचं ते मी ठरवीन.

त्यानंतर ती मुलगी गुरुवारी लवकर निघायला लागली, कारण दिवा लागायच्या आत घर गाठायचं असायचं. ताईने शेवटी सहभागितेची वेळच अलीकडे आणली. टीव्ही आता प्रार्थनेनंतर लागतो. बाबांनी मात्र एक खोड लावून घेतली आहे, असं ती सांगते. प्रार्थना लांबली की ते डाव्या हाताच्या बोटाने खुर्चीवर टकटक करतात. तिच्या वेळी फार क्वचित वाजतं. मी जातो तेव्हा मला करायला लावतात, आणि सर्वसमर्थाला पोचायच्या आत टकटक सुरू होते.