चहातून गेलेली गोळी

फर्निचरच्या कारखान्यात त्याला सगळे 'आरसा' म्हणत. लाकडावर तो असं पॉलिश चढवायचा, की टेबलावर वाकून माणसानं खुशाल भांग पाडावा. स्वभाव मात्र नावाच्या अगदी उलटा. आरसा भिंतीवर गप्प टांगलेला असतो आणि ह्याच्या पायाला भिंगरी. जेवायला बसला तरी एक गुडघा हलतच असायचा. दारूचा ग्लास हातात आला की तेवढा तो गुडघा थांबे.

पिण्याची वर्षं बरीच होती आणि सोडण्याच्या शपथाही बऱ्याच. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून कितीदा झाल्या. मग लेक लग्न होऊन परगावी गेली आणि शपथ घ्यायला डोकंही घरात उरलं नाही. बायको तयार कपड्यांच्या कारखान्यात बाह्या जोडायची. दिवसभर मशीन चालवून आल्यावर तिच्यात भांडायचंही त्राण नसे. ती नुसती ताट वाढायची आणि त्याच्या तोंडाचा वास घेतल्यासारखं करून मान फिरवायची.

मग एकदा जेवणाच्या एका मोठ्या टेबलावर शेवटचा हात मारताना त्याचा हात थरथरला. कापडाचा बोळा ओल्या पॉलिशला चिकटला आणि ऐन मधोमध डाग पडला. कारखान्याचे मिस्त्री शेजारीच उभे होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण काही न बोलता त्यांनी पॉलिश पेपर घेतला आणि स्वतःच तो भाग घासायला बसले. आरशाला ते फार लागलं. त्या संध्याकाळी तो गुत्त्यावर गेला नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही.

घरी मात्र त्यानं चकार शब्द काढला नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? काम सुटलं की तलफ अंगात अशी भिनायची की त्याला घराकडे वळवेना. तो रस्ते तुडवत सुटायचा. बस डेपोला वळसा, मग दवाखान्यामागची गल्ली, मग पुन्हा डेपो. तोंडाला चाळा म्हणून वेलदोडे चघळायचा. घरी पोचायचा तो पूर्वीच्याच वेळी, घामेजलेला, डोळे तांबारलेले, आणि तोंडाला वेलदोड्याचा वास. आता पूर्वीही तो वेलदोडेच चघळायचा, दारूचा वास मारायला. बायकोनं काय समजायचं ते समजली.

असे काही आठवडे गेले आणि एक भलतंच सुरू झालं. सकाळी कामावर जाऊन तो स्पिरिटचा डबा उघडायचा, त्यात लाख विरघळवायचा, बोळा भिजवून फळीवर फिरवू लागायचा आणि थोड्याच वेळात कानशिलं तापायची. मग मान, मग छाती. आतून कुणी दार बडवावं तसं काळीज धडधडायचं, डोकं ठणकायचं, पोटात ढवळून यायचं. तो धावत मागच्या अंगणात जाऊन ओकायचा. मोकळ्या हवेत बसला की हळूहळू उतरायचं. सुट्टीच्या दिवशी काहीच नाही.

"सकाळी सकाळीच लावून येतोस का रे?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाही हो मिस्त्री. थेंबही नाही."

"थोबाड बघ जरा. तुझ्याच टेबलात बघ."

बाकीचे खो खो हसले. स्पिरिटचा वास तर त्याच्या कपड्यांना कायमच चिकटलेला. त्याची बाजू कोण घेणार? ह्याच स्पिरिटात अर्धं आयुष्य गेलं होतं, कधी शिंकही आली नव्हती. डॉक्टरांनी छातीचा आलेख काढला, तो चांगला निघाला. "काळजी करू नका, मनाचं आहे," ते म्हणाले. म्हणजे आता काळजीचीच काळजी. दारू सोडली म्हणून शरीर सूड उगवतंय का, असं त्याच्या मनात येई. उठता-बसता तो मनगटावर बोटं ठेवून नाडी चाचपू लागला. झोप उडाली. पिणारे मजेत होते आणि न पिणारा हा झोकांड्या खात होता.

एकदा तो दुपारीच घरी परतला, तोंड लालभडक, शर्टावर ओकारीचे डाग. बायकोची त्या दिवशी सुट्टी होती. तिनं त्याला नीट न्याहाळलं.

"पुन्हा?" एवढंच ती म्हणाली.

"अगं, मी काही—"

"राहू द्या. पाणी आणते."

दुसऱ्या सकाळचा चहा त्याला नेहमीपेक्षा गोड लागला. त्याला वाटलं, बाईला कीव आली.

त्या आठवड्यात भिंतभर लांबीचं एक कपाट आलं. धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद ठेवल्या होत्या. आतल्या बाजूला पॉलिश मारायला तो कमरेपर्यंत कपाटात शिरला. छातीत धडधड सुरू झाली. एवढा खण उरकून बाहेर पडू, असं म्हणत तो हात मारत राहिला. मग डोळ्यांपुढे अंधारी आली. मिस्त्रींना कपाटाबाहेर राहिलेले त्याचे पाय तेवढे दिसले.

शुद्धीवर आला तेव्हा हाताला सलाईन होती. डॉक्टरीणबाई वयानं लेकीएवढ्या.

"पितो हा," मिस्त्री त्यांना सांगत होते. "खोटं कशाला बोलू?"

"मी प्यायलो नाही," त्याला पडल्या पडल्या जेमतेम म्हणता आलं.

रक्त तपासून आलं. बाईंनी कागदाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हे खरं सांगताहेत. दारूनं अशी गत व्हावी एवढं काही रक्तात नाही. मग काका, कुठली गोळी घेता?"

"कुठलीच नाही."

तेवढ्यात बायको आली. कारखान्यातून तशीच धावत आलेली, अंगावर दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले. बाईंनी तिलाही तेच विचारलं. ती त्याच्याकडे बघेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"त्यांना काही होणार नाही ना?" तिनं विचारलं.

"काय दिलंय ते सांगितलंत तर नाही होणार."

"दारू सुटायची गोळी," ती म्हणाली. "माझ्या ताईनं आणून दिली होती. महिना झाला, यांच्या चहात कुटून घालते. परवापासून दोन घातल्या. मला वाटलं, अजून पिताहेत."

मिस्त्रींनी टोपी काढली आणि उगाच पुन्हा घातली.

डॉक्टरीणबाईंनी आवाज न चढवता तिला चांगलंच सुनावलं. ही गोळी माणसाला सांगून, तपासून द्यायची असते. ती पोटात असताना दारू गेली तर जीवही जातो. आणि ह्यांच्या नाकातोंडातून तर दिवसभर स्पिरिटची, म्हणजे एका परीनं दारूचीच, वाफ जात होती. गोळी थांबवली तरी दोन आठवडे स्पिरिटजवळ फिरकायचं नाही.

घरी आल्यावर तो बसला नाही. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझारा घालत राहिला.

"काहीतरी बोला," बायको म्हणाली. "शिव्या तरी द्या."

"ताईची गोळी यायच्या आधीच सोडली होती मी."

ती खालीच बसली. "मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर पटलं असतं तुला?"

तिनं बराच विचार केला. "नाही," ती म्हणाली.

त्या 'नाही'चा त्याला राग आला नाही. राग होता तो चहाचा. रोज सकाळी तिनं कप पुढे केला, 'गरम आहे, जपून' म्हणाली आणि त्यानं तो विश्वासानं ओठाला लावला. आता पाण्याचा पेलाही तो आधी उजेडात धरून बघे. मग स्वतःचीच लाज वाटून पाणी न पिताच ठेवून देई.

दोन आठवड्यांनी तो कामावर परत गेला. मिस्त्रींनी सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. धडधड पुन्हा आली नाही, पण डबा उघडला की बोटं मनगटाकडे जात ती जातच.

पुढे कधीतरी बायकोची ताई भेटायला आली. त्याला धडधाकट पाहून खूश झाली. "शेवटी सुटली ना? गोळीचा गुण आहे हो!"

त्याचा गुडघा जोरात हलायला लागला. तो तोंड उघडणार तोच बायको आतून आली.

"गोळीचा नाही," ती म्हणाली. "यांनी आधीच सोडली होती, स्वतःहून. मलाच दिसलं नाही. मी मारलंच होतं यांना."

तिसऱ्या माणसासमोर असं कुणी त्याच्याबद्दल पहिल्यांदाच बोललं होतं. तो उठून सज्जात गेला, परत आला, पुन्हा गेला.

चहा मात्र अजूनही तो स्वतःच करून घेतो. तिच्यासाठीही करतो.