समोरच्या बेननी निवडलेली बोट

बोटीवर जायचं ठरलं तेव्हा जो तो मला समुद्र लागण्याची भीती घालत होता. मी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, भरती-ओहोटीच्या आकृत्या फळ्यावर काढल्या, पण समुद्रावर एक रात्रही कधी काढली नव्हती. तरी पोटात ढवळेल याची मला काडीची काळजी नव्हती. मला धास्ती होती ती समोरच्या बेनसोबत जेवणाच्या टेबलावर बसण्याची.

हे नीट सांगायला हवं. बडोद्यात सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत मराठी घर आमचं एकच. पहिल्या मजल्यावर आमचं दार आणि समोर बेनचं. घर घेताना दलालाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, इथे सगळे शाकाहारी आहेत, तुमचं काय असेल ते तुमच्या दाराआड. आमचे हे पडले बडोद्याच्या जुन्या फौजेतल्या शिपायांच्या घराण्यातले. घराण्याची तलवार केव्हाच कुठे गेली कुणास ठाऊक, मासळीची आवड तेवढी पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. दर रविवारी हे कापडी पिशवी घेऊन बाजारात जायचे. तळाशी मासळी, वर मेथीची जुडी, आणि मेथीची पानं मुद्दाम पिशवीबाहेर डोकावतील अशी. घरात आले की मी सगळ्या खिडक्या लावायची, एक्झॉस्ट पंखा बंद करायची आणि घामाघूम होत तुकड्या तळायची. इतकी वर्षं आम्ही आमच्याच घरात चोरासारखे जेवलो.

बेन पक्क्या वैष्णव. त्यांच्या घरात कांदा-लसूणसुद्धा येत नाही. पण अशी शेजारीण नशिबाने मिळते. आमच्या घराची किल्ली त्यांच्या खिळ्यावर असते. यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज खिचडी-कढीचा डबा घेऊन त्या दवाखान्यात माझ्याशेजारी येऊन बसायच्या. माझी सख्खी बहीण पुण्याला आहे, पण काही दुखलंखुपलं तर मी आधी बेनना सांगते. त्यांची प्रसादाची वाटी माझ्याकडे येते आणि माझं काहीतरी घेऊन परत जाते. मासळीचं त्यांना कळलं तर त्या भांडणार नाहीत, हे मला माहीत होतं. ती वाटी यायची बंद होईल, एवढंच. आणि मला नेमकी त्याचीच भीती होती.

देवाची कृपा म्हणजे बेन रविवारी जिन्यात धूप घालायच्या. इकडे माझा तवा तापायला आणि तिकडे त्यांचं धुपाटणं बाहेर यायला एकच गाठ पडायची. जिना धुराने भरून जायचा, माझी लाज झाकली जायची. मी मनोमन त्यांच्या ठाकोरजींना हात जोडायची. श्रावणात मात्र त्यांचा धूप बंद असायचा. ऐन देवाधर्माच्या महिन्यात बंद कसा, असं एकदा मनात आलं होतं. पण ज्याच्या त्याच्या घरची रीत, म्हणून विचारलं नाही.

ऑपरेशननंतर यांचं बाजारात जाणं थांबलं. मला एकटीने मासळी आणायचा धीर होईना. हे ताटावरून लवकर उठायला लागले. कुठेतरी घेऊन जा यांना, असं डॉक्टरही म्हणाले. बेनच्या मनात बोटीचं होतंच.

बेन पूर्वी आपल्या मुलाबरोबर सिंगापूरहून एका मोठ्या बोटीवर फिरून आल्या होत्या आणि तेव्हापासून सोसायटीत या विषयाचा शेवटचा शब्द त्यांचाच असे. खिडकी नसलेली खोली घेऊ नका, सकाळ झाली की नाही कळत नाही. बोट डोलते ती टोकांना, म्हणून खोली मधली आणि खालची घ्या. खोलीचं कार्ड गळ्यात अडकवा, नाहीतर अर्धी सुट्टी ते शोधण्यात जाते. दुसऱ्या मजल्यावरचे भाई, म्हणजे बरोबर आमच्या डोक्यावर राहणारे, तेही एकदा जाऊन आले होते. त्यांचा अनुभव एवढाच की समुद्र सगळीकडे सारखाच दिसतो आणि लिफ्टसाठी थांबावं लागतं. तरी त्यांना परत जायचं होतं.

एका संध्याकाळी बेनच्या दिवाणखान्यात आम्ही चौघं बसलो आणि टीव्हीवर बोटींचे फोटो लावले. दोन्ही बोटी मुंबईहून निघणाऱ्या, गोवा आणि लक्षद्वीप करून येणाऱ्या. एक बोट भाईंच्या ओळखीच्या प्रवासवाल्याने अख्खी घेतलेली: स्वयंपाकी महाराज इथलेच, जेवण शुद्ध शाकाहारी, संध्याकाळी डेकवर गरबा. दुसरी साधी, सगळ्यांसाठीची, जिथे ज्याला जे हवं ते खाता येतं.

मी लगेच पहिलीच्या बाजूने उभी राहिले. नुसती उभी राहिले असते तर ठीक होतं. पण मला नाटक आवरेना. दुसऱ्या बोटीवर तर वासानेच मला मळमळेल, असंही बोलून गेले. यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

बेन म्हणाल्या, "ना. आपण दुसरीच घेऊ. तिच्यात खोलीला बाल्कनी आहे."

भाई चक्रावले. "पण बेन, त्यां तो नॉनव्हेज मळे छे."

"मळे तो मळे. मी ढेबरां घेऊन जाईन. मला बाल्कनी जोईए."

बेन माझ्याशी बोलतात ती अशीच, अर्धी मराठी आणि अर्धी गुजराती. हट्ट मात्र त्या कुठल्याच भाषेत करत नाहीत, म्हणून मला नवल वाटलं. भाई रुसून आपल्या मंडळीबरोबर पहिल्या बोटीने गेले. आम्ही तिघांनी लहरीपुऱ्याच्या बाजारात जाऊन हनुवटीखाली दोरी असलेल्या टोप्या घेतल्या आणि मेथीचे वाळके थेपले, म्हणजे बेनची ती ढेबरां, डब्यात भरून निघालो.

बोट फारच सुंदर होती. समुद्रही शांत होता, मला एकदासुद्धा ढवळलं नाही. किनारा दिसेनासा झाल्यावर मी कठड्याशी उभी राहून यांना क्षितिजाची गोलाई समजावून सांगितली, आणि यांनी ती चक्क ऐकून घेतली. बेनची खोली आमच्या शेजारीच होती. गंमत अशी की ज्या बाल्कनीसाठी एवढा हट्ट, तिथे बेन बसेचनात. पडदा ओढून घ्यायच्या. खाली पाणी पाहिलं की चक्कर येते म्हणाल्या. मग घेतली कशाला, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

खरा छळ होता तो जेवणाच्या हॉलमध्ये. एका बाजूला शाकाहारी, दुसऱ्या बाजूला बाकी सगळं. पहिल्या दिवशी हे डाळ-भात घेऊन बसले आणि पाठ त्या बाजूकडे केली. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरमई तळत होते. वास सरळ आमच्या टेबलावर आला. हे पोळीचा तुकडा मोडत राहिले, खात नव्हते. मी बेनकडे बघायचं टाळलं.

बेननी डब्याचं झाकण लावलं आणि यांना म्हणाल्या, "भाई, त्या बाजूला गरम माछली छे. थंड व्हायच्या आधी घेऊन या."

लोणचं वाढू का, असं विचारावं इतक्या सहज त्या बोलल्या. हे उठले नाहीत. शिक्षा झालेल्या मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"जाओ ने," बेन म्हणाल्या. "त्याच्यासाठी तर ही बोट घेतली."

हे गेले. नव्या गुडघ्यांवर इतके झपाझप चालताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

मी कसंबसं विचारलं, "बेन, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या रविवारपासून. भर उन्हाळ्यात तुमच्या सगळ्या खिडक्या बंद. असं कोण करतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या मेहनतीने लपवत होता. मी कशाला बोलू?" त्या हसल्या. "माझं काही नाही. माझ्या घरात येत नाही, बस. पण वास वर जातो. वर भाई आहेत, त्यांचं नाक फार तिखट. म्हणून जिन्यात धूप करायची. श्रावणात तुम्ही करत नाही, मग मी कशाला धूर करू? ऑपरेशननंतर तर एकदासुद्धा धूप करावा लागला नाही. तेव्हाच समजले, तुमच्या यांना मासळी मिळत नाही."

मला रडू आलं आणि मी ते पुसलंही नाही. किती वर्षांचा दगड छातीवरून उतरला होता ते तो उतरल्यावरच कळलं. हे ताट घेऊन आले, बेनच्या डब्यापासून जरा लांब बसले आणि मन लावून जेवले. बेन शेजारच्या खुर्चीवर आपली ढेबरां खात होत्या आणि मला गोव्याला काय काय बघायचं ते सांगत होत्या.

घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी मी स्वतः रिक्षा करून बाजारात गेले. मासळी घेतली, वर मेथीची जुडी ठेवली, कारण दुसरा मजला अजून आहेच. परतले तेव्हा वाटलं, आज बेनना आधी सांगावं, आमच्या खिडक्या कधी लागतात ते त्यांनी उगाच का बघत बसावं. जिना चढून मी आमच्या मजल्यावर आले. बेनचं दार उघडं होतं, उंबऱ्याबाहेर धुपाटणं ठेवलेलं होतं, आणि धूर निवांतपणे वरच्या मजल्याकडे चालला होता.